खोल पाण्याची ऊब

भोकर,
पौष महिना

प्रिय सखी,

तुझं पत्र मिळालं. टोरंटोत परसातल्या तळ्यावर बर्फ धरला आणि खालचे गोल्डफिश, कोई जगतील का या काळजीनं तुला झोप लागेना, हे वाचून माझाही जीव कालवला. कारण हे दुखणं मी भोगलंय.

२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. पुढं आम्हीही ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं खोदलं. रोहू, कटला, मृगळ अन् थोडे सायप्रिनस सोडले. पहिल्याच हिवाळ्यात, शेकोटीपासून हलवत नाही असे दिवस आले नि मासे वर येईनासे झाले. उपाशी असतील म्हणून मी शेंगदाण्याची पेंड अन् कोंडा वाढवत गेले. आठवडाभरानं पहाटे पाहिलं तर मासे वर तोंड काढून आ वासत होते, काहींची पांढरी पोटं तरंगत होती. न खाल्लेली पेंड तळाशी कुजून तिनं पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला होता. ते अजून सलतं गं.

मासा थंड रक्ताचा. पाणी गार झालं की त्याचं अंग गार, पचनही थंडावतं. रोहू-कटल्याला २५ ते ३० अंश मानवतात. २० च्या खाली भूक मरते, १५ च्या आसपास ते जवळपास खातच नाहीत. म्हणून आता थंडीत चारा दुपारी, ऊन पडल्यावर, तोही चिमूटभर. कडाक्याच्या दिवसांत बंद. पहाटे बोअर चालवते; ते पाणी तळ्यापेक्षा उबदार असतं. मात्र त्यात प्राणवायू कमी, म्हणून पाईप उंच धरून धार पडू देते. याच दिवसांत अंगावर लाल जखमांचा रोग येतो, त्यासाठी थंडीआधीच चुना मारून ठेवते.

तुझे कोई म्हणजे आमच्या सायप्रिनसचेच रंगीत भाऊबंद, थंडीला चिवट. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड होतं, म्हणून ते तळाशी बसतं अन् बर्फ वर तरंगतो. तळं पुरेसं खोल असेल तर मासे तिथं गुमान पडून राहतात. पाणी १० अंशांखाली गेलं की दाणा टाकूच नकोस. बर्फात एक भोक मात्र उघडं ठेव, कुजल्याचा वायू बाहेर जायला हवा. हातोडा मारू नकोस, त्या दणक्यानं मासे दचकतात; गरम पाण्याचं पातेलं बर्फावर ठेव, हळूहळू वितळेल.

सारखं डोकावूही नकोस. हात आवरणं मला पेंड टाकण्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं, पण मासे त्यानंच जगले.

फाल्गुनात माझे रोहू पेंडीवर झेपावतील. तुझ्याकडं बर्फ उतरायला चैत्र उजाडेल. पहिला कोई वर आला की त्याच दिवशी कळव.

तुझीच,
भोकरची मैत्रीण