उलवे : आंखलेलें नगर आणि उठलेलें गांव

गेल्या माघांत एका रविवारीं आम्ही सहकुटुंब उलव्यास जाऊन आलों. आमच्या पुतण्यानें तेथें नवें बिऱ्हाड थाटण्याचें ठरविलें आहे. गिरगांवांतील एका चुलीच्या आतां दोन चुली होणार, ही गोष्ट मातोश्रींच्या मनास सलत होती. "माझीं पतवंडें जेथें वाढणार, तें गांव मला एकदां डोळ्यांनीं पाहूं द्या," एवढाच त्यांचा हट्ट होता.

शिवडीहून आमची मोटार अटल सेतूवर चढली. २१.८ किलोमीटर लांबीचा हा पूल १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला. पैलतीरीं उतरून उलव्यांत शिरतांच सरळ आंखलेले रस्ते आणि उंच इमारतींच्या रांगा दिसूं लागल्या. येथील विभागांस नांवें नाहींत, क्रमांक आहेत. पुतण्यानें विभाग, भूखंड व मजला यांचे आंकडे सांगितले, तेव्हां मातोश्री म्हणाल्या, "अरे, घराचा पत्ता सांगतोस कीं हिशेबाची वही वाचतोस?"

नगराचे असे आंकडे मांडण्याची रीत कांहीं आपलीच नव्हे. न्यूयॉर्क शहराच्या वाढीसाठीं १८११ सालीं जो आराखडा मंजूर झाला, त्यांत मॅनहटन बेटावर १२ उभे आणि १५५ आडवे रस्ते आंखून त्यांस क्रमांक दिले होते. काटकोनांतील घरें बांधावयास स्वस्त व राहावयास सोयीचीं, हें आंखणाऱ्यांचें कारण. त्या रेघांसाठीं पुढें बेटावरील अनेक टेकड्या सपाट झाल्या. १९२९ सालीं त्याच शहरासाठीं क्लॅरेन्स पेरी यांनीं निराळा विचार मांडला. मध्यभागीं प्राथमिक शाळा, पायीं जातां येईल एवढ्या अंतरावर घरें, खेळावयास मोकळी जागा, आणि रहदारीचे मोठे रस्ते वस्तीच्या कडेनें : अशा शेजारांचें मिळून शहर व्हावें, ही त्यांची कल्पना.

ती कल्पना जगभर फिरली. मुंबईची कोंडी फोडण्यासाठीं खाडीपलीकडे नवें शहर वसवावें, अशी योजना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या त्रयीनें १९६५ सालीं 'मार्ग' नियतकालिकांत मांडली. यांपैकीं कोरिया यांचें वास्तुशास्त्राचें शिक्षण अमेरिकेंतच झालें होतें. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली. सुमारें ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि त्यांतील ९५ गांवें नव्या नगरासाठीं निश्चित झालीं. शाळा, बाजार व स्थानक आपापल्या ठायीं असलेल्या १४ उपनगरांत तें विभागलें गेलें. उलवे हें त्यांतलें एक.

दुपारीं आम्ही बामणडोंगरी स्थानकाबाहेर भाजी घेत होतों. भाजीवालीस मातोश्रींनीं सहज विचारलें, "बाई, तुमचें गांव कोणतें?" ती म्हणाली, "उलवे." "म्हणजे येथलेंच ना?" यावर तिनें विमानतळाकडे हात केला. नांव येथें राहिलें आणि गांव तिकडून उठलें, असें ती सांगूं लागली.

तिचें म्हणणें खरें आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठीं जीं १० गांवें हलविलीं, त्यांत मूळचें उलवे होतें. त्यासाठीं सुमारें ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी कापली आणि उलवे नदीचा प्रवाह वळविला. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमानें उडूं लागलीं आहेत. त्याआधींही, शेतें आणि मिठागरें नगरासाठीं घेतलीं गेलीं तेव्हां, आगरी-कोळी समाज दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उभा राहिला होता. जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या परिसरांत झालेल्या गोळीबारांत पांच आंदोलक प्राणांस मुकले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ धन्यास परत देण्याची योजना त्यानंतरची.

आंखणी वाईट, असें आम्ही म्हणणार नाहीं. अंगणाजवळ शाळा व दाराशीं रेल्वे कोणास नको? परंतु शाळा, बाग, रस्ता यांची जागा कागदावर दाखवितां येते. शेजार दाखवितां येत नाहीं. १९६१ सालीं जेन जेकब्स या न्यूयॉर्कच्या विदुषीनें आपल्या ग्रंथांत नगररचनाकारांस हेंच बजावलें. रस्त्यावरील जाग, ओळखीपाळखी, जुन्यानव्याची सरमिसळ यांनीं शहर नांदतें. तें एकदां उठविलें कीं कितीही रेघा मारून परत येत नाहीं, असा तिच्या प्रतिपादनाचा रोख आहे.

मातोश्रींनीं हा ग्रंथ वाचलेला नाहीं. त्यांनीं भाजीवालीस एवढेंच विचारलें, "तुमचा ग्रामदेव आतां कोठें आहे?" नव्या वसाहतींत देऊळ बांधलें आहे, असें कळलें. मोटारींत बसल्यावर त्या पुतण्यास म्हणाल्या, "चुली दोन झाल्या तर होऊं देत. पण तुझ्या वास्तुशांतीआधीं त्या देवास नारळ देऊन ये. त्याच्या जागेंत आपण राहावयास येतों आहोंत." पुतण्यानें मान डोलावली आणि त्या वसाहतीची वाट विचारण्यासाठीं तो पुन्हां खालीं उतरला.