पहिला आटा

"भाऊ, शॉवर नवा, मंग पानी कोठे गयं?" आप्पांनी दारातच विचारलं. चलथाणला रेल्वे लाइनीलगत त्यांचं स्लॅबचं बैठं घर. ते नंदुरबारकडचे, मी धुळ्याकडचा. ताप्ती व्हॅलीच्या गाडीने इकडे आलेल्या खानदेशी माणसाला दुसऱ्याची बोली लगेच ओळखू येते. शॉवर आदल्याच दिवशी मी बसवला होता, म्हणून तो प्रश्न मला लागला.

परातीसारखा आठ इंची शॉवर, आणि भोकाभोकांतून पाणी नुसतं ठिबकत होतं.

अशा वेळी हात आधी पान्याकडे जातो. मी बादली मागतो. दहा लिटरची बादली खालच्या स्वतंत्र नळाला पन्नास सेकंदांत भरली. शॉवर काढून उघड्या आर्मखाली धरली, तर दोन मिनिटांतही भरेना. म्हणजे शॉवर निर्दोष, खोट मागे. नुसतं गरम पाणी मंद असतं, तर गीझरच्या वॉल्व्हवर संशय घेतला असता; इथे थंडही तसंच.

मग गच्चीवर गेलो. टाकीचा ओटा चार फुटांचा. पाण्याच्या पातळीपासून शॉवरपर्यंत उभी उंची जेमतेम दहा फूट, म्हणजे तीन मीटर. दहा मीटर उंचीच्या पाण्याला साधारण एक बार दाब मिळतो, इथे 0.3 बार. शॉवरच्या डब्यावर किमान 1 बार छापलेला होता. घेणारा शॉवरचा घेर बघतो. ओटा बघणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं.

पण हिशोब एवढ्यावर मिटत नव्हता. नळापेक्षा शॉवर पाचेक फूट उंच. त्या फरकाने बादलीला दहा-पंधरा सेकंद जास्त लागावेत, मिनिटभर नाही. कुठेतरी वाट अडली होती. भिंतीला कान लावला. तेवढ्यात मालगाडी आली, ती संपेपर्यंत थांबलो. पुन्हा ऐकलं तर आर्मच्या बुडाशी बारीक सुसकारा येत होता. मोकळ्या पाइपात पाणी असं वाजत नाही.

आर्म उलटा फिरवून काढला. तोंडावर टेफ्लॉन टेपची घडी आत दुमडलेली, आणि तिच्यात क्षाराच्या खपल्या अडकलेल्या. बोअरचं पाणी, वर्षानुवर्षं एल्बोत साचलेला थर जुना आर्म काढताना सुटला असणार. नवा लावण्याआधी मी लाइन बादलीभर सोडून धुतली नव्हती, आणि टेप आट्यांच्या टोकापलीकडे गुंडाळली होती. दोन्ही चुका माझ्याच. आप्पांना तसं सांगितलं.

लाइन सोडली, खपल्या वाहून गेल्या. बादली सत्तर सेकंदांवर आली. तरी एवढं पाणी आठ इंचांत वाटलं की अंगाला धार लागत नाही.

"पंप लावू?"

"टाकीनंतर लावता येईल. पंचायतीच्या लाइनीवर थेट मात्र मी लावणार नाही, आप्पा. शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं."

आप्पा आत गेले आणि जुना तीन इंची शॉवर घेऊन आले. त्याची भोकं मी सुईने मोकळी केली. नवी टेप काढली आणि आर्मचा पहिला आटा मोकळा सोडून गुंडाळायला लागलो.