पीहर आणि माहेर

दिल्लीत येऊन मला आता अकरा वर्षे झाली. दिवसभर इंग्रजी आणि हिंदी मजकूर मराठीत आणावयाचा, दुसऱ्यांनी आणलेला तपासावयाचा, हा माझा व्यवसाय. एखादा शब्द अडला की आम्ही कोश उघडतो, शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याला विचारतो आणि तरीही न जमल्यास चहा घेऊन येतो. परंतु गेल्या जानेवारीत एक शब्द असा अडला की ज्यासाठी कोश उघडण्याची मुळीच गरज नव्हती. तो माझ्याच घरातला शब्द होता. तरी ऐन वेळी मी तो गिळला. त्याचीच ही हकीकत आहे.

आमच्या निरनिराळ्या भाषांच्या सहकाऱ्यांनी मिळून तीन दिवसांच्या सहलीचा बेत केला होता. तामिळ, बंगाली, मल्याळी आणि आम्ही मराठी अशी चार घरे, शिवाय एका सहकाऱ्याकडे लंडनहून आलेले एक वयस्क दांपत्य, मिळून बारा माणसे. लहानशी बस, टपावर तंबू आणि रजया, मागे गॅसची शेगडी व भांडी. सहलीच्या कागदावर लिहिले होते, ‘वन्य प्राणी आणि ग्रामसंस्कृती यांचे दर्शन’. तो कागद वाचून माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, “आई, गावातली माणसेसुद्धा आपण गाडीत बसूनच बघायची का?” आम्ही सगळे हसलो. उत्तर मात्र कोणीच दिले नाही.

पहिला मुक्काम गुरुग्रामजवळच्या सुलतानपूरच्या तळ्यावर झाला. पहाटेच्या धुक्यात उंच इमारतींचे दिवे मागे पडले आणि अर्ध्या तासात आम्ही चित्रबलाकांच्या वसाहतीसमोर उभे होतो. एका सारस जोडप्याने आमच्याकडे दुर्लक्ष करून शांतपणे चरणे चालू ठेवले. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस काठाशी ऊन खात बसले होते. दिल्लीत वार्ताहर असलेल्या पीटर जॅक्सन यांनी या तळ्याविषयी पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहिले होते; त्यानंतर ही दलदल राखली गेली, आणि 2021 साली तिची गणना रामसर करारातील पाणथळ जागांत झाली. एका पत्राने एक तळे वाचावे, ही गोष्ट लेखणीवर पोट भरणाऱ्या आम्हांला मनापासून सुखावून गेली.

सोहना मागे टाकून बस मेवातात शिरली. दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेते आणि उजवीकडे अरवलीची उघडी पाठ. नूहच्या अलीकडे घासेडा नावाचे गाव लागते. 19 डिसेंबर 1947 रोजी महात्माजी येथे आले होते. फाळणीच्या वणव्यात मेव लोकांची बिऱ्हाडे पाकिस्तानच्या वाटेला लागली होती. जाऊ नका, हा देश तुमचा आहे, असे त्यांनी या लोकांना सांगितले. त्यानंतर पुष्कळ मेव येथेच राहिले. दुपारी एका वाडीत मिरासी गायकाने आम्हांला मेवांचे महाभारत ऐकविले. ‘पांडुन का कडा’ हे त्याचे नाव. काखेत धरलेल्या भपंगाची एकच तार तो अशी ताणी आणि सैल सोडी की भीम चालत येतो आहे असा भास व्हावा. गाणारा मुसलमान, कथा पांडवांची, आणि ऐकणारे सहा भाषांचे. लंडनच्या बाईंनी मला अर्थ विचारला. मी तो सांगितला, आणि तेव्हापासून मंडळींनी मला दुभाषी नेमून टाकले. मलाही ते मानाचे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

सरिस्का दिल्लीपासून सुमारे दोनशे किलोमीटरांवर आहे. अरण्याच्या आत तंबू ठोकता येत नाहीत. म्हणून हद्दीबाहेर एका शेतकऱ्याच्या पडीक रानात आमच्या राहुट्या उभ्या राहिल्या. थंडी अशी होती की रात्री माझे यजमान टोपी, मफलर आणि दोन रजया यांतून फक्त नाकाने जगाशी संबंध ठेवून होते. दूर डोंगरात सांबर ओरडले, तेव्हा मुलगी माझ्या कुशीत शिरली आणि सकाळपर्यंत तेथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उघड्या जीपमधून आम्ही अरण्यात गेलो. धोकाची पाने झडलेली झाडे, सालईची गोरी खोडे, पळसांच्या रांगा, आणि पाणवठ्यावर चितळ, नीलगाई, मोर. अलवरच्या राजांचे हे शिकारीचे रान 1978 साली व्याघ्रप्रकल्पात आले. पुढे चोरट्या शिकारीने असा घात केला की 2004 सालच्या अखेरीस येथे एकही वाघ उरला नाही. 2008 साली रणथंभोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणून येथे सोडण्यात आले. आज त्यांची संख्या चाळिसांच्या पुढे गेली आहे. आम्हांला वाघ दिसला नाही. ओल्या मातीत उमटलेला पंजा तेवढा दिसला. चालकाने जीप थांबविली आणि आम्ही बाराही जण त्या ठशाकडे देवाच्या पादुकांकडे पाहावे तसे पाहत राहिलो.

त्याच दिवशी दुपारी ग्रामसंस्कृतीची पाळी होती. अरण्याच्या कडेला गुजरांची वीसएक घरांची वाडी आहे. म्हशी, शेणाने सारवलेली अंगणे, माव्यासाठी दूध आटविणाऱ्या कढया. पन्नाशीच्या एका बाईंनी आम्हांला खाट दिली आणि ताकात शिजवलेली बाजरीची राबडी वाट्यांतून पुढे ठेवली. वाटाड्या गाडीच्या चाकाचे पाहावयास गेला होता, तेव्हा बोलणे माझ्यावर आले. त्या बाई आपल्या बोलीत बोलत आणि मला अडले की हिंदीत फिरवून सांगत.

वाघाचे भय वाटत नाही का, असे कोणी तरी विचारले. बाई म्हणाल्या, “गेल्या वर्षी माझी म्हैस नेली. न्यायचीच होती तर भाकड न्यायची! नेमकी दुभती नेली.” मी हे सांगताच सगळे हसले. बाईही हसल्या. मग त्यांच्या बोलण्यातून कळले की त्यांच्या वडिलांचे गाव अरण्याच्या आत होते आणि काही वर्षांपूर्वी ते बाहेर हलविण्यात आले. लंडनच्या बाईंनी मोठ्या आपुलकीने विचारले, “तेथे आता ते सुखी आहेत ना?”

बाईंनी हातातील वाटी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, “भावांना जमीन मिळाली. वीज मिळाली. पोरांना शाळा जवळ झाली. सगळे बरे झाले. पण माझे पीहर राहिले नाही. पूर्वी डोंगर चढून जायची, तर वाटेतल्या झाडापासून मी मुलगी व्हायची. आता भावाकडे जाते ती पाहुणी म्हणून.”

पीहर म्हणजे माहेर. हा शब्द मला कळण्यास क्षणही लागला नाही. परंतु इंग्रजीत त्याला काय म्हणावे? आईवडिलांचे घर? त्यात वाटेतले ते झाड कोठे येते? मागून कोणी तरी घड्याळ पाहत होते. भ्रमणध्वनीवर चित्रण चालू होते. मी वळून म्हणाले, “त्यांना जमीन, वीज आणि शाळा मिळाली, सगळे बरे झाले, असे त्या म्हणतात.” मंडळींनी समाधानाने माना हलविल्या.

बाई माझ्याकडे पाहत होत्या. माझे वाक्य फार लवकर संपले, हे भाषा न कळताही त्यांनी ओळखले असावे. त्यांनी विचारले, “बेटी, तुझे पीहर कुठे?” मी म्हणाले, “महाराष्ट्रात. फार लांब.” आणि उठले.

तंबूकडे परतताना माझे पाऊल जड झाले होते. कारण ही कथा मी बालपणापासून ऐकली होती. माझी आजी कोयनाकाठची. तिचे लग्न होऊन ती कऱ्हाडजवळ सासरी आली, आणि थोड्याच वर्षांत धरणाच्या पाण्याने तिचे माहेर पोटात घेतले. भाऊ त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात गेले. कोयनेच्या विजेने राज्यात कारखाने चालले, घरोघर दिवे लागले; माझा अभ्यासही त्याच उजेडात झाला असेल. आजी हे सर्व जाणून होती आणि तिने धरणाला कधी नावे ठेविली नाहीत. फक्त दर मे महिन्यात ती आजोबांना वर्तमानपत्र वाचावयास लावी. सगळा जिल्हा धरण किती भरले ते विचारी, आजी विचारी, “पाणी किती उतरले?” आपल्या गावच्या देवळाचे जोते उघडे पडले असेल, असे तिला वाटे. त्या जलाशयाभोवतीचे रान 1985 साली अभयारण्य झाले, आणि 2010 साली सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात गेले. म्हणजे माझ्या आजीचे माहेरही आज वाघांच्याच शेजारी आहे. आणि तोच शब्द समोर आला तेव्हा मी घड्याळाकडे पाहिले होते.

रात्री शेकोटीपाशी मी मंडळींना सांगितले की दुपारचे माझे भाषांतर अर्धेच होते. उरलेले अर्धे मी सांगितले, आणि आजीचेही सांगितले. कोणी काही बोलले नाही. मग आमचा बंगाली सहकारी म्हणाला की त्याचे आजोबा पद्मेपलीकडच्या गावाचे नाव घेतल्याशिवाय कधी जेवले नाहीत. लंडनच्या बाईंनी ‘पीहर’ हा शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि आपल्या वहीत लिहिला. त्या म्हणाल्या, “माझा प्रश्नच सोपा होता. सोप्या प्रश्नाला तुम्ही सोपे उत्तर दिलेत.” त्यांचा हा मोठेपणा होता. चूक माझीच होती.

वाघाला मोकळे रान हवे, हे खरेच आहे. सरिस्काचा इतिहास तेच सांगतो. आतली कित्येक कुटुंबे आपण होऊन बाहेर येऊ इच्छितात, हेही खरे. त्याच बाईंचा मुलगा आम्हांला म्हणाला होता की मामाच्या गावी रुग्णवाहिका दारात येते, आमच्याकडे येत नाही. व्याघ्रप्रकल्पातून स्वेच्छेने उठणाऱ्या कुटुंबासाठी 2008 साली 10 लाख रुपये ठरले होते, ते 2021 साली 15 लाख झाले. याच अलवर जिल्ह्यात 1985 नंतर राजेंद्र सिंह आणि गावकरी यांनी मिळून जोहड बांधले आणि कोरडी पडलेली अरवरी नदी पुन्हा वाहती केली. तेव्हा माणसे आणि रान एकमेकांचे वैरीच असतात असेही नाही. यातले काय कोठे योग्य, हे तीन दिवसांच्या पाहुण्याने ठरवू नये. परंतु भरपाईच्या कोणत्याही कोष्टकात माहेराचा रकाना नसतो. तो कोणी तरी ऐकून घ्यावा आणि पुरता सांगावा, एवढे पाहुण्याच्या हाती असते.

तिसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी मी मुलीला घेऊन पुन्हा त्या अंगणात गेले. कॅमेरा नेला नाही. बाई धार काढीत होत्या. मी म्हणाले, “काल तुम्ही माझे पीहर विचारले आणि मी नीट सांगितले नाही.” मग धरण, आजी, वर्तमानपत्र, सगळे सांगितले. धार काढता काढता त्यांनी ऐकले. शेवटी त्या एवढेच म्हणाल्या, “पाण्यात गेले काय, रानात गेले काय.” निघताना त्यांनी मुलीच्या हातावर गरम माव्याचा गोळा ठेवला. मी पैसे पुढे केले ते त्यांनी घेतले नाहीत. नातीला दिलेल्याचे पैसे कसले, असे म्हणाल्या.

पुष्कळ वाचक सुटीत मुलांना घेऊन असे अरण्य आणि अशी गावे पाहावयास जात असतील. अवश्य जावे. छायाचित्रापूर्वी अनुमती घ्यावी, पुढे आलेले घोटभर तरी घ्यावे, हे सांगण्याची गरज नाही. माझी विनंती एवढीच आहे की त्या अंगणात आपणही आपले गाव, आपले घर सांगण्याइतका वेळ ठेवावा. हरणाला आपल्याविषयी काही विचारावयाचे नसते; माणसाला असते.

दिल्लीला परतल्यावर मी गावी फोन लावला. आजी आता पंच्याऐंशीची आहे. ऐकू कमी येते, म्हणून मोठ्याने सगळे सांगितले. वाघाचा पंजा, मावा, म्हैस आणि ते पीहर. तिने मध्ये एकदाही अडविले नाही. सांगून झाल्यावर बराच वेळ पलीकडे शांतता होती. मग तिने विचारले, “तिचे भाऊ तिला भाऊबीजेला न्यायला येतात का ग?”

तेवढे मी विचारले नव्हते.