पोटातली मानी स्वारी

उल्हासनगरात दाल-पकवान, अंबरनाथला स्टेशनाबाहेरचा वडापाव, बदलापुरात तांदळाची भाकरी: ताटात काहीही पडो, पुढचा हिशेब एकाच स्वारीच्या हाती. ओळख करून देतो, हे लहान आतडं. लांबी सुमारे 6 मीटर, पण बेंबीभोवती असं दुमडून बसलेलं, की बिनसल्याशिवाय कुणाला आठवतही नाही.

याला मिजास आहे ती अस्तराची. आतून मखमल लावल्यासारखे असंख्य बारीक अंकुर. डॉक्टर त्यांना ‘व्हिलाय’ म्हणतात. एकेकाची उंची जेमतेम मिलिमीटरभर. अन्नातलं सत्त्व रक्तात उतरतं ते यांच्याच वाटेने. अंकुर झिजले की माणूस पोटभर जेवतो, पण जेवलेलं अंगी लागत नाही.

कामाच्या वाटणीत स्वारी भलती कर्मठ. लोह घ्यायचं ते मुख्यतः सुरुवातीच्या भागाने, बी-12 अगदी शेवटच्या. टीबीने शेवटचं टोक गाठलं, तरी वरचा भाग ‘ते खातं माझ्याकडे नाही’ म्हणून ढिम्म.

एवढा तोरा, पण तेलातुपापुढे चालत नाही. तिथे स्वादुपिंडाचा रस आणि यकृताकडचं पित्त लागतं. स्वादुपिंडाने हात आखडला की स्निग्ध पदार्थ न पचता बाहेर पडतात; जाताना ए, डी, ई आणि के जीवनसत्त्वंही सोबत नेतात. शौचाला फिकट, तेलकट, उग्र वासाचं होऊ लागतं.

दुधाशी अनेकांच्या आतड्याचं वय वाढेल तसं फाटतं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी पडलं की ती साखर मोठ्या आतड्याच्या गळ्यात मारून हे मोकळं! तिथले जीवाणू तिच्यावर ताव मारतात आणि सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये, हलायलाही जागा नसताना, पोट गुरगुरू लागतं. दही-ताकावर एवढा राग नाही. थोडी साखर विरजणाने आधीच संपवलेली असते.

काहींच्या पोटात मात्र भांडण गव्हाशी असतं. सिलिअक आजारात गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीराचीच प्रतिकारशक्ती अंकुरांवर उलटते आणि ते सपाट होतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी लष्करी छावणीच्या जागी वसवलेल्या उल्हासनगरात ही मोठीच पंचाईत: कोकी गव्हाची, पकवान मैद्याचं. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणीशी वैर नाही. पण फोडणीतल्या बांधीव हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं, आणि चिमूटभरही याला खपत नाही.

सगळ्यात खोडकर सवय म्हणजे, स्वतःचं गाऱ्हाणं हे नेहमी स्वतः सांगत नाही. कधी पोट शांत असतं आणि रक्त कमी होतं, हाडं ठणकतात, पोराची उंची खुंटते. घरचे लोहाच्या गोळ्या आणतात. गोळी ज्याने शोषायची तेच रुसलेलं, मग हिमोग्लोबिन वाढणार कसं?

एक गुण मात्र कबूल करायला हवा: स्वारी डूख धरत नाही. अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या होतात. गहू कायमचा सुटला की अंकुर हळूहळू पुन्हा उभे राहतात. मोठ्यांमध्ये वर्ष-दोन वर्षंही लागतात.

तेव्हा गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल, तर डॉक्टरांना आतड्याबद्दल जरूर विचारा. आणि तपासणीआधी आपल्या मनाने गहू बंद करू नका. अंकुर सावरू लागले की दुखणं तपासणीत सापडत नाही.