रांग आणि राजमुकुट

निवृत्तीनंतर आम्ही रशियाच्या इतिहासाचे वाचन हाती घेतले, त्यास एक खाजगी कारण होते. आमच्या सेवेची बरीच वर्षे पुरवठा खात्यात गेली. रेशन दुकानापुढील रांग आम्ही टेबलाच्या अलीकडून पाहिली. तिचे सामर्थ्य मात्र फार उशिरा उमगले.

युद्धात हरला की राजा पडतो, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु १९०५ साली रशिया जपानकडून हरला, त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत आरमार बुडाले, राजधानीत निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला, तरीही झार दुसरा निकोलस तगला. सप्टेंबरात त्याने तह केला, ऑक्टोबरात ड्यूमाचे आश्वासन दिले आणि डिसेंबरात मॉस्कोचा उठाव राजनिष्ठ फौजेकरवी चिरडला. युद्ध दूरचे होते, ते आटोपले होते आणि सैन्य हाताशी होते.

१९१४ च्या महायुद्धाने हे तिन्ही आधार काढून घेतले. सुमारे दीड कोटी माणसे फौजेत ओढली गेली. जुने कसलेले सैनिक आघाडीवर कामी आले; पेट्रोग्राडच्या बराकींत उरले ते बहुतांशी नवशिके, कालपरवाचे शेतकरी व कामगार. त्यातच १९१५ साली निकोलसने सरसेनापतिपद स्वतःकडे घेतले आणि प्रत्येक माघार त्याच्याच खाती जमा होऊ लागली. इंग्लंडात १९१६ च्या डिसेंबरात पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ गेले, राजा राहिला. रशियात राजाऐवजी दोष घेण्यास कोणी उरलेच नव्हते.

आणि धान्य? ते देशात होते. निर्यातीची वाट तर युद्धामुळे बंदच झाली होती. परंतु रेल्वे फौजेच्या वाहतुकीत अडकली आणि घसरत्या रुबलच्या बदल्यात शेतकरी धान्य विकेना. शहरात पावासाठी कडाक्याच्या थंडीत रांगा लागल्या.

येथे आम्हांस आमचाच एक दिवस आठवतो. गोदाम भरलेले होते, परंतु वाहतुकीचा आदेश सहीवाचून पडून होता. तिसऱ्या दिवशीही रांगेत उभ्या असलेल्या एका वृद्धेस आम्ही सांगितले की साठा पुरेसा आहे. आम्ही खोटे बोललो नव्हतो. तिने काही न बोलता आपली रिकामी पिशवी उघडून दाखविली. त्या सायंकाळी आम्ही स्वतः फाईल घेऊन वरिष्ठांकडे गेलो; पहिल्याच दिवशी का गेलो नाही, याचे उत्तर आजही आमच्यापाशी नाही.

८ मार्च १९१७ रोजी पेट्रोग्राडच्या गिरणीकामगार स्त्रिया पाव मागत रस्त्यावर आल्या. रविवारी, ११ तारखेस, व्होलिन्स्की रेजिमेंटच्या तुकडीने जमावावर गोळ्या झाडल्या. सोमवारी सकाळी त्याच शिपायांनी बंड केले. १५ तारखेस प्स्कोव्ह येथे, आगगाडीच्या डब्यात, झारने राज्यत्याग केला. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावानेही मुकुट नाकारला आणि १६१३ पासूनचे रोमानोव्ह राज्य संपले.

युद्धाने क्रांती घडविली, असे म्हणणे आम्हांस अपुरे वाटते. रांगेतील बाई आणि बंदूकधारी शिपाई एकाच घरचे आहेत, हे युद्धाने दोघांनाही दाखवून दिले. नव्या हंगामी सरकारनेही युद्ध चालूच ठेवले. रांगाही चालूच राहिल्या आणि आठ महिन्यांच्या आत तेही सरकार गेले.

ती पिशवी आमच्या डोळ्यांपुढून अद्याप हललेली नाही.