नदीकाठचा काला



चंद्रभागेत बुडी मारली की आपण ओंजळभर पाणी तोंडी लावतो आणि त्याला तीर्थ म्हणतो. ते तीर्थ कुठून कुठून येते, हे एकदा मनात आणून पाहा. भीमा निघते भीमाशंकराच्या डोंगरातून. देहू-आळंदीचे पाणी घेऊन इंद्रायणी तिला तुळापूरला भेटते. पुढे पुण्याहून मुळा-मुठा येते. हे सारे उजनीच्या धरणात साठते. धरणाच्या खाली नरसिंहपूरला नीरा मिळते. वाटेत माउलींच्या पादुकांना आपण स्नान घालतो, तीच ही नीरा. म्हणजे पालखी येते तसे संतांच्या गावचे पाणीही पंढरीला येते. पण येताना ते वाटेतल्या गावांचे आणि शहरांचे सांडपाणीही घेऊन येते. आपली अंघोळ झाली की तेच पाणी पुढे गाणगापूरला दत्तमहाराजांच्या दारी जाते.

माझे गाव भीमेच्याच काठी, पंढरीच्या वरच्या अंगाला. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या सप्ताहात मी कीर्तनाला उभा होतो. नदीचा विषय निघाला आणि मी तापलो. शहरे, कारखाने, सरकार, कुणाला सोडले नाही. टाळकरी माना डोलावत होते. कीर्तन संपले. बुक्का लावून घ्यायला होडी चालवणारे एक म्हातारे कोळीबाबा पुढे आले. पाया पडले आणि हळूच म्हणाले, "महाराज, रागावू नका. पण गेल्या साली काल्यानंतर पत्रावळ्या आन् हारांची पोती कुठं गेली? माझ्या जाळ्यात मासळी कमी आन् तुमचे हारच जास्त घावले."

मी गप्प झालो. ती पोती नदीत सोडा, असे मीच सांगितले होते. निर्माल्य पायदळी येऊ नये, ते वाहत्या पाण्यात जावे, हीच आमची शिकवण. पण त्यात प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, दोरे होते, थर्माकोल होता. रात्रभर झोप लागली नाही.

मग मी गावाची बैठक देवळात बोलावली. आले कोण? आपलेच माळकरी. कोळीबाबा पायरीवर बसले. बौद्धवस्तीतून कुणी नाही, मशिदीकडचे कुणी नाही. दुसऱ्या दिवशी बौद्धवस्तीतल्या एका शिक्षकांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "महाराज, देवळात बोलावलंत म्हणजे ते तुमचं काम झालं. नदी आमचीही आहे."

खरेच होते. पंढरीच्या मंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. वाळवंटाला मात्र दार नव्हते. संतांनी मेळा जमवला तो वाळवंटात. हे मी जन्मभर कीर्तनात सांगत आलो आणि बैठक मात्र देवळात घेतली!

पुढची बैठक नदीच्या वाळूत घेतली. खुर्ची नाही, हारतुरे नाहीत. मी एकच अट घातली. काल्याला प्रत्येक गोपाळाने आपापली शिदोरी आणली. दुसऱ्याच्या शिदोरीला कुणी नावे ठेवली नाहीत. तसे इथे प्रत्येकाने फक्त स्वतःचा दोष सांगायचा, दुसऱ्याचे नाव घ्यायचे नाही. पहिला मी उठलो आणि पोत्यांचे सांगितले.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग एक ऊसवाले शेतकरी म्हणाले, "फवारणीचा पंप मी नदीतच धुतो." धुणे धुणारी एक मावशी पावडरीच्या फेसाचे बोलली. मशिदीशेजारचा टेम्पोवाला म्हणाला, "गाडी मीबी पाण्यात घालून धुतो." सर्वांत शेवटी सरपंच उठले. मान खाली घालून म्हणाले, "गावाचं गटार माझ्याच काळात नदीला जोडलं." त्या दिवशी भांडण झाले नाही. कारण बोट दाखवायला कुणाचे मोकळे नव्हते.

माउली, फार मोठे काही झाले असे मी सांगणार नाही. निर्माल्य आता खड्ड्यात जाते, त्याचे खत तुळशींना घालतो. पंप शेताच्या बांधावर धुतात. धुण्याचे दगड पाण्यापासून मागे सरकले. निम्म्या घरांना शोषखड्डे झाले. उरलेल्यांचे सांडपाणी अजून नदीतच जाते. निवडणुकीच्या पायी एकदा दोन वर्षे बैठक मोडली होती. पुन्हा जमवायला मला दारोदार फिरावे लागले. कोळीबाबा आता नाहीत. त्यांचा नातू येतो, वाळूत पहिल्या रांगेत बसतो.

वरच्या शहरांचे सांडपाणी शुद्ध होऊनच नदीत आले पाहिजे, हे मागणे सोडायचे नाही. पण ते मागताना आपले हात स्वच्छ हवेत. आपण एकमेकांच्या पाया पडतो, जात विचारत नाही, वय बघत नाही. खालच्या गावी पाणी भरणारी बाईही माउलीच आहे. येत्या आषाढीला अंघोळीचे जुने कपडे, द्रोण, पिशव्या पात्रात सोडू नका. आपल्या दिंडीपुरती एवढी शिदोरी बांधा. आणि परत गेल्यावर आपल्या गावच्या ओढ्याकाठी, वाळूत, सगळ्यांना बोलवा. पहिला दोष आपला सांगा.

रामकृष्ण हरी!