तीन घनफूट

रंगीत मासे पाळू इच्छिणाऱ्या नवख्या गृहस्थाचा पहिला प्रश्न बहुधा 'टाकी किती लिटरची घेऊ?' असा असतो, आणि गप्पी किंवा टेट्रा यांच्यासारख्या, पाण्याच्या मधल्या थरात थव्याने हिंडणाऱ्या माशांपुरता तो रास्तही आहे. परंतु ज्यांची सारी हयात तळच्या वाळूवर, दोन दगड आणि एक करवंटी यांच्या मालकीहक्काचा निकाल लावण्यात खर्ची पडते, त्या ड्वार्फ सिक्लिडांच्या बाबतीत लिटरांचा हिशेब दुय्यम ठरतो. पाणी त्यांनाही लागतेच. पण त्याआधी जमीन लागते.

3 घनफुटांची, म्हणजे ढोबळमानाने 85 लिटरांची टाकी मागितली, तर ती तीन घाटांत बनवून मिळते : 2 फूट लांब, 1 फूट रुंद आणि दीड फूट उंच; 2 फूट लांब, दीड फूट रुंद आणि 1 फूट उंच; किंवा 3 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 फूट उंच. पाणी तिन्हींत तेवढेच. तळ मात्र पहिलीचा 2 चौरस फूट आणि उरलेल्या दोहोंचा 3. दुकानदार पहिलीच पुढे सरकवतो, कारण ती दिवाणखान्यात शोभते व जागा कमी अडवते. आणि 1951 साली मुंबईत उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय पाहून आलेल्या पिढीच्या मनात मासे म्हणजे उभ्या काचेमागचा देखावा हे समीकरण बसले असावे, म्हणून गिऱ्हाईकही खळखळ करीत नाही. वस्तुतः त्या वाढीव अर्ध्या फुटाचा या माशांना कवडीचा उपयोग नाही, आणि भुर्दंड मात्र मालकाला, कारण काचेवरचा दाब पाण्याच्या एकूण परिमाणावर नव्हे तर उंचीवर ठरत असल्यामुळे उंच टाकीला जाड काच घ्यावी लागते.

दक्षिण अमेरिकेतील अपिस्टोग्रामा प्रजातीचे मासे घ्या. कॅकाटुऑइडिस या जातीचा नर वाढून वाढून 8 सेंटिमीटरांचा, मादी त्याहून बरीच लहान. आणि एका नराच्या अमलाखाली दोन-तीन माद्या आपापली हद्द राखून नांदतात. नारळाची करवंटी पालथी घालून तिच्या कडेला करंगळी जाईल एवढी खाच पाडून ठेवली, की मादी आत शिरून छताला अंडी चिकटवते, आणि तेव्हापासून तिची कांती हळदीसारखी पिवळी होऊन पोटाखालचे पर काळेभोर होतात. ती खाचेशी तिरकी उभी राहते, पर ताठ करते, आणि वीतभर अंतरात जो येईल त्याच्यावर तुटून पडते. त्यात पिल्लांच्या बापालाही सूट नसते. मावळात भातखाचराचा बांध वीतभर सरकला म्हणजे जो कज्जा उभा राहतो, तोच येथे रोज, वकिलावाचून चालतो. 2 फुटी टाकीत अशा दोन माद्या ठेवल्या, तर दुबळी बिचारी वरच्या कोपऱ्यात हीटरच्या आडोशाला जाऊन बसते, तिचे पर फाटतात, आणि आठवड्याभरात ती दगावण्याचा संभव असतो. येथे 3 फूट लांबीची टाकीच हवी. शिवाय मधे एखादे लाकूड किंवा दगडांची रास अशी रचावी की एका करवंटीच्या तोंडातून दुसरी दिसू नये. नजरेआड असलेल्या शेजाऱ्याशी हा मासा भांडत नाही, ही त्याची मोठीच सज्जनता म्हणायची.

ओरिनोकोच्या खोऱ्यातल्या गवताळ प्रदेशातून आलेला रॅम, किंवा पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिस, जोडीने राहतात. त्यांना मी 2 फूट लांब व दीड फूट रुंद टाकीची शिफारस करतो, कारण मागे जो अर्धा फूट जास्त मिळतो, तेथे वनस्पती दाट लावून भित्र्या जोडीला आडोसा करता येतो.

लिटरांना मी दुय्यम म्हटले. निरर्थक म्हटलेले नाही, आणि लोणावळ्याला लागून असलेल्या आमच्या कुसगावात तर तसे म्हणण्याची सोयच नाही. रॅमला 27 ते 30 अंश उष्णतेचे पाणी लागते, आणि इकडे पौषातल्या रात्री गारठा हाडांत शिरतो; आषाढात वाऱ्यापावसाने वीज गेली की हीटर आणि फिल्टर दोन्ही एकदम थंडावतात. अशा वेळी पाण्याचा साठा जितका मोठा, तितकी त्याची ऊब सावकाश उतरते, आणि माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनियाही अधिक पाण्यात विरळ होतो. म्हणून दीड फुटापेक्षा लहान टाकीत रॅम ठेवण्याचा सल्ला मी कोणासही देत नाही. 85 लिटर हा आकडाही कागदावरचाच; बोटभर वाळू, दगड-लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी 70 लिटरांच्या आतच भरते, आणि औषधाची मात्रा काढताना तोच हिशेब धरावा लागतो. उलट येथल्या पावसाची एक बाब मात्र पथ्यावर पडते. पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर पागोळ्यांखाली धरलेले पाणी इतके मृदू असते, की ते नळाच्या पाण्यात मिसळून, वर देशी बदामाची दोन वाळकी पाने टाकली, म्हणजे अपिस्टोग्रामाला मायदेशाची सय व्हावी.

सिक्लिड म्हणजे परदेशीच, असा समज आहे, तो चूक. गोमंतकीयांच्या ताटातला काळुंदर हा सिक्लिडच. पण तो वीतभराहून मोठा होत असल्याने घरगुती टाकीचा विषय नव्हे. त्याचा दक्षिण भारतीय भाऊबंद, नारिंगी क्रोमाइड, मात्र 8 सेंटिमीटरांच्या आसपास थांबतो. त्याची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा स्राव टिपून वाढतात, आणि हाच मासा काळुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो असेही निरीक्षण आहे. याच्या जोडीला 3 फुटी टाकी द्यावी. इतका देखणा स्वदेशी मासा असताना आमचे शौकीन त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, हे मला कधीच समजलेले नाही.

जागेची अगदीच टंचाई असेल, तर टांगानिका सरोवरातल्या मल्टिफॅशियाटस या बोटाच्या दोन पेरांएवढ्या माशाचा विचार करावा. तो गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहतो, आणि प्रत्येकाचे घर म्हणजे एक शंख असल्याने दीड फुटाच्या टाकीतही त्याची वसाहत सुखाने नांदते. भातकापणीनंतर खाचरांत पडलेले गोगलगायींचे शंख उकळून, घासून घेतले तर ते या कामी चालतात. वाळू मात्र दोन-तीन बोटे तरी घालावी, कारण शंख हवा तसा पुरून घेणे हा त्या माशाचा नित्यक्रम आहे. पागोळ्यांचे पाणी त्याला वर्ज्य. त्याला जड पाणी लागते, तेव्हा ज्यांच्या दारी बोअर आहे आणि तिच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर धरतो, त्यांनी नळाच्या वाटेला न जाता तेच वापरावे.